आणलेली माती

माणूस शेवटी मातीत जातो, असं सगळे म्हणतात. आमच्या बांधाला बांध लावून शेती करणारा एक माणूस होता, तो मातीच घेऊन गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाहिलं नसतं तर तुमच्यासारखाच हसलो असतो. पाहूनही हसलो, ती गोष्ट वेगळी.

मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीत मास्तरांनी कान पिळला, तेव्हा मी पाटी त्यांच्यापुढं ठेवून घरी आलो, ती न्यायला अजून गेलेलो नाही. तेव्हा लिहिण्यात पुढचं मागं आणि मागचं पुढं होईल. ज्याला सरळ तासातलं लिखाण पाहिजे त्यानं शिकलेल्या माणसाचं वाचावं.

त्या माणसाचं नाव सांगत नाही. त्याची नातवंडं मला अजून रस्त्यात राम राम घालतात, आणि तो राम राम मला गमवायचा नाही. गाव त्याला नाना म्हणायचं. मीही तोंडावर नानाच म्हणायचो. मागं काय म्हणायचो ते छापत नाहीत.

स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पिंपरीच्या टेसनावर गाडी थांबली तरी उतरायला माणूस नसायचा. चिंचवडचा बाजार, चाकणचा बाजार आणि पवनेच्या कडेची वावरं, एवढीच आमची दुनिया. पुण्याला जायचं म्हणजे धोतर धुऊन जायचं.

नाना माणूस काटक, काळा, मिशा पांढऱ्या आणि नजर कायम खाली. लोकांना वाटायचं, बिचारा फार नम्र. नम्र कसला! तो तुमच्या वहाणा बघत असायचा. वहाणांना त्याच्या वावराची माती लागली आहे का, एवढंच. त्याच्या वावरातून बाहेर पडायच्या वाटेवर एक चपटा दगड होता. त्या दगडावर वहाणा आपटल्याशिवाय कुणाला जाता येत नसे. तलाठी आला, त्यालाही आपटाव्या लागल्या. नवा जावई पहिल्यांदा हुरडा खायला आला तर त्याच्या नव्या कोऱ्या पायताणाकडं बोट करून सासरा म्हणतो, "पाव्हणं, तेवढी आमची माती ठिवून जावा." जावई रुसून गेला. नानी म्हणाली, "अवो, लेकीचा संसार हाय." नाना म्हणाला, "लेक दिली की. माती कुटं द्यायची ठरली हुती?"

माणसांचं सोडा. संध्याकाळी बैल घरी न्यायच्या आधी तो खुरप्याच्या टोकानं त्यांच्या खुरांतली माती काढायचा. बैलही सवयीनं पाय उचलून धरायचे. आम्ही हसायचो. बैल हसत नसत, म्हणून त्यांच्यावर त्याचा जास्त जीव.

एकदा मी आणि तो चिंचवडला शेंगा घेऊन गेलो. भुईमूग उपटला की शेंगांना माती असतेच, आणि वजनाला ती बरी पडते, हे सगळ्या शेतकऱ्यांना कळतं. मलाही कळत होतं. माझ्या पोत्यांत शेंगा होत्या आणि इमानात न बसणारी थोडी माती होती. नानाची शेंग मात्र आंघोळ घालून आणल्यासारखी. व्यापाऱ्यानं मूठभर शेंगा हातात घेतल्या, माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाला, "याला म्हणतात सचोटी! असा शेतकरी पाहिजे."

नाना भडकला. "सचोटी गेली खड्ड्यात. माझ्या वावराची माती तुज्या दुकानात कशापायी ठिवू? तू कोन लागतोस आमचा?"

व्यापाऱ्यानं शेंगा परत पोत्यात टाकल्या. मला आपलं बरं वाटलं.

आता ही माती म्हणजे काय होती ते सांगतो, नाहीतर तुम्ही त्याला वेडा म्हणाल. वेडा होता, पण कारणाशिवाय नव्हता. त्याची ती पट्टी मुळात मुरमाड. त्याच्या पणजोबाला भावकीच्या वाटणीत ती आली, म्हणजे भावांनी त्याच्या गळ्यात मारली. कुसळसुद्धा विचार करून उगवायचं तिथं. तो पणजोबा उन्हाळ्यात पवनेच्या डोहावर जायचा, पाणी आटून कडेला काळा गाळ उघडा पडला की तो गाडीत भरायचा आणि आणून त्या मुरमावर पसरायचा. दर उन्हाळ्याला. तो मेला तसा आजानं तेच केलं. आजा गेला, बापानं केलं. बाप गेला, नाना करत होता. चार पिढ्यांनी मिळून त्या मुरमावर गुडघाभर माती केली होती. दुसऱ्यांना जमीन मिळते. यांनी ती आणली होती.

त्यांच्या घरात सून आली की तिनं उंबऱ्यावर तांदळाचं माप ओलांडायचं ते ओलांडायचंच, शिवाय दुसऱ्या दिवशी शालू नेसून वावरात जायचं आणि पहिली पाटी गाळाची टाकायची. नानाची सून निघोज्याची. तिचा बाप लेकीला पोचवायला आला होता, त्यानं हे पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. "मी पोरगी दिलीया का मजूर?"

नाना म्हणाला, "मजूर असती तर मजुरी दिली असती, इवाई. तिला वावर दिलंय."

जाताना व्याह्यानं दगडावर वहाणा मात्र जोरात आपटल्या.

त्या पट्टीत फिरताना नाना सांगत चालायचा. "हितं माजी आज्जी हाय." नवखा माणूस दचकून पाय उचलायचा. त्याला वाटायचं, म्हातारीला इथं पुरलं. तसं नव्हे. तो कोपरा म्हातारीच्या पाट्यांचा. "ह्या लवणात चुलता. हितं आमची थोरली आत्या, सासरला जायाच्या आदी." अख्खं घराणं त्याला पायाखाली दिसायचं. मला फक्त बाजरी दिसायची, आणि ती माझ्यापेक्षा चांगली दिसायची.

तर बांध. आमच्या दोघांच्या मधला बांध. नांगरताना दरसाल एकेक तास बांधात घालायचा आणि बांध आपल्या बाजूनं बारीक करायचा, ही विद्या आमच्याकडं सगळ्यांना येते. नाना त्यात पारंगत. मी लहान असताना त्या बांधावरून दोन माणसं शेजारी शेजारी चालायची. माझं लग्न झालं तेव्हा त्यावरून एक माणूस चालायचा, तोही हात पसरून, डोंबाऱ्यासारखा. मी म्हणायचो, "नाना, बांध कोरला तुमी." तो म्हणायचा, "बांध वाळला आसंल. उनाळा कडक हुता." बाकी सगळ्या मातीचा हिशेब त्याला ठाऊक, फक्त बांधाची माती कुठं जाते ते देवाला ठाऊक. मी कधी कोरला नाही. मी फक्त आपल्या बाजूनं सरळ करायचो.

अशात कारखाना आला.

आधी खुंट्या आल्या, मग दुर्बिणीतून बघणारी माणसं आली, मग चावडीत एक साहेब खुर्ची टाकून बसला. डोक्यावर टोपी, कपाळावर घाम. आमच्या बाजूची वावरं सरकारला पाहिजेत, म्हणाला. माझंही, नानाचंही. त्याच्या बदल्यात मोबदला आणि घरटी एकाला नोकरी. गाव तुटून पडलं. कुणी म्हणालं मोबदला कमी, कुणी म्हणालं आंब्याचं झाड धरा, कुणी म्हणालं माझी विहीर धरली नाही. ज्याची विहीर नव्हती तोही म्हणाला. नाना कोपऱ्यात बसून साहेबाच्या बुटांकडं बघत होता. सगळ्यांचं झाल्यावर तो उठला.

"साहेब, येक इचारू का?"

"विचारा की."

"तुमाला जागा पायजे का माती?"

"म्हणजे?"

"कारखाना तुमी पेरनार हाय का उभा करनार?"

चावडी हसली. साहेबही हसला. "उभा करणार, बाबा."

"मंग जागा घ्या. माती आमची आमाला न्हेऊ द्या."

"अहो, जमीन घेतली म्हणजे त्यात माती आलीच की!"

"आली न्हाई साहेब," नाना म्हणाला, "आनली."

साहेबाला ते कळलं नाही. त्यानं कारकुनाकडं बघितलं, कारकुनानं आमच्याकडं बघितलं. मग दोनचार जणांनी मिळून पणजोबापासून सगळं सांगितलं. साहेबाला मोठी मौज वाटली. असा अर्ज त्याच्या नोकरीत आला नव्हता. घाम पुसत म्हणाला, "न्या बुवा! काम सुरू होईपर्यंत जेवढी उचलता येईल तेवढी उचला. सरकारला काही तुमची माती खायची नाही."

नाना म्हणाला, "पुन्यांदा म्हना. ह्या कडंच्यांस्नी ऐकू न्हाई गेलं."

साहेबानं पुन्हा म्हटलं. कडेला मीच होतो. मला पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं.

रहाटणीच्या अंगाला नानाचा एक माळ होता, तो सरकारला नको होता. तो शेळ्यांनाही नको होता. त्या माळावर आपली अख्खी पट्टी उचलून न्यायची, असं नानानं ठरवलं. दिवाळी झाली आणि गाडी सुरू झाली. नाना, नानी, सून, आणि सुट्टीच्या दिवशी मुलगा. मुलाला तेवढ्यात कारखान्याच्या बांधकामावर नोकरी लागली होती. म्हणजे बघा, ज्या जागेवर मुलगा सरकारसाठी खड्डे खणत होता, त्याच जागेवरून बाप माती पळवत होता, आणि मुलाच्या पगारावर सगळं घर जेवत होतं.

गावाला त्या साली तमाशा बघायची गरज पडली नाही. लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. "नाना, आभाळ ऱ्हायलं की! त्ये कंदी न्हेताय?" "नाना, आमच्या दारातली बी न्हेता का, लई चिकूल हुतुया." नाना गाडी हाकत राहायचा. त्याला भीती एकच होती. यंत्रं लवकर आली तर? साहेबाच्या शब्दावर त्याचा भरवसा नव्हता. सरकार म्हणतं पुढच्या साली आणि उगवतं उद्या सकाळी, असं तो म्हणायचा. म्हणून त्यानं काय केलं, तर सगळ्या पट्टीवरची वरची माती आधी काढली. वरची माती म्हणजे साय. शेणखत, पालापाचोळा, पोसलेली, काळी, हातात घेतली की मऊ पिठासारखी. ती सगळी आधी माळावर नेऊन पसरली. मग खालची काढायला घेतली. ती कच्ची, पिवळट, चिकट, मुरमाच्या संगतीत राहिलेली.

नानी पहिल्याच दिवशी म्हणाली, "अवो, साय आदी न्हेली तर ती तळाला जाईल."

"घराला आग लागली तर आदी सोनं काडत्यात. भांडी मागनं."

"मंग सोन्याचा ढीग येका कडंला घाला, आन् मागनं वर पसरा."

"ढीग घालू?" नानानं बांधापलीकडं, म्हणजे माझ्याकडं, बोट केलं. "आन् ह्यो काय झोपतो व्हय?"

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी माझ्या वावरात बसून भाकरी खात होतो, कारण वावर माझंच होतं, अजून ताब्यात गेलं नव्हतं. त्याच्या ढिगाकडं मी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण त्यानं ढीग घातलाच नाही, तर मी काय करणार?

शेवटी तो बांधापाशी आला. मला वाटलं, आता सगळा बांध उचलणार. पण तो मधोमध थांबला. दोरी लावली, आणि आपल्या बाजूचा अर्धा बांध सुरीनं खरवस कापावा तसा कापून नेला. माझा अर्धा तसाच उभा ठेवला. एका अंगानं सरळ, एका अंगानं उतरता. म्हणाला, "तुजा हाय तुज्यापाशी. पुन्यांदा बांध कोरला म्हनू नगंस." मधोमध कुठून धरलं ते मात्र त्यानंच ठरवलं होतं.

मग ठेकेदार आला. मुंबईकडचा माणूस, हिंदी-मराठी मिसळून बोलायचा. त्याच्या कामात पहिली गोष्टच ही होती की सगळी वरची माती उकरून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, मग पाया घ्यायचा. येऊन बघतो तर नानाच्या पट्टीत मुरूम स्वच्छ झाडून ठेवलेला. ठेकेदारानं नानाला चहा पाजला, खांद्यावर हात टाकला. "अच्छा काम केला नाना तुम्ही! एकदम साफ! हे बाजूचं खेत पण घेऊन टाका ना!"

बाजूचं खेत माझं.

नाना ताठ झाला. "लोकाची माती मी घेत न्हाई."

हे तो माझ्यासमोर म्हणाला. मी चहा प्यालो नाही.

घरी जाताना नाना खूश. "फुकट माती न्हेली, सरकारला पत्ता न्हाई." ठेकेदारही खूश. "फुकट काम झालं, बुढ्ढ्याला पत्ता नाही." दोघं एकमेकांना मूर्ख समजून आयुष्यभर सुखी राहिले. असा चांगला व्यवहार मी दुसरा पाहिलेला नाही. माझ्या वावराची माती त्यांनी यंत्रानं ढकलून ओढ्याकडच्या खड्ड्यात भरावाला घातली, त्यावरून रस्ता केला. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही, ते पोट बिघडलं होतं म्हणून.

पुढच्या खरिपात नानानं माळावर बाजरी पेरली. बाजरी उगवली, पिवळी पडली, आणि बोटभर वाढून थांबली. पावसानं माती लोण्यासारखी चिकट झाली आणि उघडीप मिळाली तशी विटेसारखी तडकली. चार पिढ्यांची साय तळाला गुदमरून पडली होती आणि तिच्या उरावर कच्ची माती बसली होती. सगळ्या जन्मात ज्यानं माती सोडून दुसरं काही पाहिलं नाही, त्यानं आपलं वावर उलटं घातलं होतं. गावाला हे कळायला वेळ लागला नाही. गाव त्याला "उलटं वावर" म्हणायला लागलं.

मी मुद्दाम गेलो. शेजारधर्म म्हणून. "नाना, माती आनली, पर तिचा कस सरकारनं ठिवून घ्येतला वाटतं."

"रुसलीया," नाना म्हणाला. "नव्या जाग्यावर पयल्या राती मानसाला बी झोप लागत न्हाई."

नानी बांधावर बसली होती. ती बाजरीकडं बघत म्हणाली, "रुसली न्हाई. पालथी निजलीया."

नाना तिच्याकडं न बघता निघून गेला. त्यानंतर तो कुणाशी बोलेना. सकाळी माळावर जायचा, एका जागी उकिडवा बसून हातानं उकरायचा, खालची काळी माती लागली की बघायचा, परत झाकायचा. पूर्वी चालताना म्हणायचा तसं "हितं आज्जी, हितं चुलता" आता म्हणेना. कुठं म्हणणार? आजी कुठं गेली आणि चुलता कुठं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पुढं हसायचीही मजा गेली. दुसरं साल असंच गेलं असतं तर म्हातारा टिकला नसता, असं माझी बायको म्हणायची. मी म्हणायचो, असली माणसं टिकतात.

उपाय एकच होता. मोठा लोखंडी नांगर लावून, खोल घालून, सगळं वावर पुन्हा पालथं करायचं. त्याला आठ बैल लागतात. नांगर चाकणकडच्या पाहुण्यानं दिला. नानाची एक जोडी. दोन जोड्या भावकीनं दिल्या, नानी जाऊन मागून आली. चौथी जोडी गावात एकच मोकळी होती, ती माझी. वावर गेल्यावर मी बैल विकले नव्हते. का नाही विकले ते कुणी विचारू नये.

नाना एका संध्याकाळी माझ्या दारात आला. कुणाच्या दारात काही मागायला तो त्याआधी गेल्याचं मला आठवत नाही. ओट्यावर बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"बैलं काय करत्यात?"

"खात्यात."

"खाऊन?"

"रवंथ करत्यात."

"बरं चाललंय त्येंचं. दोन दिस कामाला येऊ म्हनतील का?"

"इचारून बगा."

तो खरंच उठला, गोठ्यात गेला, बैलांची मान खाजवली, परत येऊन बसला. "मालकाला इचारा म्हनत्यात."

"मालकाचं येकच म्हननं हाय. बांध कोरला म्हना."

"कंचा बांध?"

"आपला."

"त्यो हाय कुटं?"

"नसंना का. कोरला का न्हाई?"

आतून माझी बायको म्हणाली, "अवो, त्या बांधावर कारखान्याचं धुराडं हुबं ऱ्हायलं! काय धरून बसलाय?"

"धुराड्याखाली का हुईना," मी म्हणालो, "बांध माजा."

 नाना पागोटं डोक्यावर ठेवून उठला. "मेलो तरी म्हनायचो न्हाई," म्हणाला, आणि गेला. मी बायकोला म्हणालो, बघ, किती हट्टी माणूस. ती माझ्याकडं बघत राहिली. का ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडीचा आवाज आला. नाना आणि त्याचा मुलगा. काही न बोलता त्यांनी गाडीचं तोंड वर केलं आणि माझ्या दारात मातीचा ढीग ओतला. काळी, मऊ, पिठासारखी. वरची पिवळी नव्हे. तळाची साय. ती काढायला त्यानं माळावर वरचा थर उकरून खाली हात घातला होता. मुलाचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"ह्ये काय?" मी विचारलं.

"चुकून आली आसंल," नाना म्हणाला.

"म्हंजी बांधाची?"

"मी बांध म्हनलो का? चुकून म्हनलो."

मी ढिगाकडं पाहिलं. त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहत नव्हता, त्या ढिगाकडंच पाहत होता, लेक सासरी पाठवताना बघतात तसा. मी गोठ्यात गेलो आणि बैल सोडले.

ती कबुली होती, हे मी आजही सांगतो. नाना गावभर सांगत फिरला, "बैलांचं भाडं दिलं, फुकाट न्हाई आनली बैलं." यावरून आमचं तो जिवंत असेपर्यंत भांडण चाललं. ती माती मी परसात पसरली. तिच्यात बायकोनं वांगी लावली, ती अशी आली की शेजारणी मागायला यायच्या. नाना एकदा परसात डोकावून म्हणाला, "माती कुनाची हाय!" मी म्हणालो, "माजीच. बांधावरची."

नांगरट झाली तेव्हा माझे बैल मीच हाकायला गेलो. परक्या हातात मी बैल देत नाही. नांगराचा फाळ खोल गेला, बैलांनी माना खाली घातल्या, आणि पिवळी माती कलंडून तिच्या खालून काळी वर यायला लागली, तव्यावर भाकरी उलटावी तशी. नानी तासाच्या मागून चालत होती. चालता चालता वाकली, मूठभर माती घेतली, आणि पुढं जाऊन नानाच्या हातात ठेवली. "बगा," एवढंच म्हणाली. नानानं मूठ मिटली. त्या दिवशी दुपारी नांगरट थांबवून तो सगळ्या बैलांना स्वतः पाणी पाजून आला, माझ्यासुद्धा. संध्याकाळी नानीनं सगळ्या माणसांना पुरणपोळी घातली. सण कोणता, ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या साली त्या माळावर बाजरी आली, तिच्यात शिरलेला माणूस दिसेना. नाना पुन्हा बोलायला लागला, म्हणजे भांडायला लागला. आजी, चुलता, आत्या, सगळी आता एकमेकांत मिसळली होती. कोपरे राहिले नव्हते. म्हणून तो आता माळाच्या मधोमध उभा राहून सगळीकडं हात फिरवायचा आणि म्हणायचा, "समदी हितंच हायत."

तोवर मीही कारखान्याच्या फाटकावर राखणीला लागलो होतो. कारखान्याच्या पुढच्या बाजूला बाग करायचं साहेब लोकांनी ठरवलं. पुण्याहून गुलाब आणले, विलायती गवत आणलं, माळी आणला. मुरमात खड्डे घेतले, पाणी घातलं. गुलाब मेले. परत आणले, परत मेले. जी माती होती ती काही खड्ड्यात गेली होती आणि बाकीची माळावर. एक तरुण इंजिनिअर होता, चांगला पोरगा, बागेचं काम त्याच्याकडं होतं. त्यानं मला विचारलं, "इथं जवळपास चांगली माती कुणाकडं आहे?" मी म्हणालो, "साहेब, ह्याच जाग्यावरची हाय. दाखवतो."

कंपनीची जीप घेऊन आम्ही माळावर गेलो. नाना कुळव हाणत होता, सून मागून ढेकळं फोडत होती, आणि तिचं तान्हं बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगलं होतं. साहेबानं खाली वाकून माती हातात घेतली, चुरली, वास घेतला. शिकलेला असून त्याला वास घ्यावासा वाटला, हे मला आवडलं.

"आजोबा, एक ट्रकभर माती द्याल का? म्हणाल तो भाव."

"इकायची असती तर सरकारला तवाच इकली असती."

"बरं, मग अशी माती मिळते तरी कुठं?"

"मिळत न्हाई. करावी लागती."

"कशी करायची?" साहेबानं खरंच विचारलं. थट्टा नव्हती.

नानानं कुळव थांबवला. "उनाळ्यात पवनंच्या डोहावर गाळ उगडा पडतो. त्यो आनायचा. शेनखत घालायचं. पाला कुजवायचा. मंग मानसं घालायची."

"माणसं?"

"व्हय. मानसं लागत्यात."

साहेबानं मातीकडं बघितलं, झोळीतल्या पोराकडं बघितलं. मान हलवून म्हणाला, "किती दिवस लागतील?"

नानानं त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत नीट न्याहाळलं.

"साहेब, लगीन झालंय का?"

पोरगा लाजला. "नाही अजून. घरचे बघतायत."

"मंग आदी त्ये उरका," नाना म्हणाला, आणि बैलांना हाक घातली.